मशीन चालू होतं

गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. त्याला कारण तिचा नवरा. तो ज्याच्याशी चार वाक्यं बोलायचा त्याचा भाऊच होऊन जायचा, मग ही आपोआप त्याची वहिनी. नवरा लाकूड कोरायचा म्हणून त्याचं नाव पडलं कोरक्या. दारांचे तक्ते, पलंगाच्या डोक्याकडच्या फळ्या, दुकानांच्या पाट्या. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या, मध्ये लोखंडी जिना. तो कोरायचा आणि ती घासून पॉलिश करायची. कुणी नक्षीचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "मी नुसते खड्डे पाडतो हो. नक्षी होते ती हिच्या हातानं." आणि ती म्हणायची, "मग खड्डे जरा कमी पाडत जा, माझी बोटं झिजली."

पुढे त्याच्या मनगटाचं दुखणं इतकं वाढलं की छिन्नी धरता येईना. काही दिवस तो नुसता दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी खात होता. मग एकदा बंद पडलेल्या कारखान्यातून टेम्पो भरून भंगार घेऊन आला: लोखंडी पट्ट्या, गोल दांडे, तीन मोटरी आणि त्यांना वीज मोजून देणारे तीन जुने डबे, त्यांना म्हणतात ड्रायव्हर. ती म्हणाली, "घरात आधीच एक भंगार बसलेलं आहे." तो हसला आणि कामाला लागला. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि वर्कशॉपच्या मधोमध एक मशीन उभं राहिलं. एक भक्कम टेबल, त्यावर आडवा लोखंडी पूल, पुलावर एक डोकं आणि डोक्यात गरगर फिरणारं धारदार बिट. एक मोटर पुलाला लांबीत ढकलायची, दुसरी डोक्याला रुंदीत, तिसरी बिटाला खालीवर. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, कॉम्प्युटर ड्रायव्हरला सांगणार, ड्रायव्हर मोटरला. मोटरी साध्या पंख्यासारख्या फिरणाऱ्या नव्हत्या. त्या पाऊल पाऊल टाकणाऱ्या स्टेपर मोटरी. सांगाल तेवढी पावलं चालायच्या, आणि थांब म्हटलं की असा पाय रोवून उभ्या राहायच्या की दोन्ही हातांनी ढकललं तरी हलायच्या नाहीत.

आणि त्या गायच्या. जुन्या ड्रायव्हरांचा तो दोष होता. वेग वाढला की आवाज चढायचा, कमी झाला की उतरायचा. गोल कोरताना एक मोटर मंदावते तेव्हा दुसरी वेग घेते, त्यामुळे एकीनं सूर सोडला की दुसरी तो उचलायची. उभ्या असल्या तरी गप्प नसायच्या, एक बारीक, कानाच्या आत शिरणारी शीळ चालूच असायची. आठवडाभरात वहिनी वरच्या खोलीत बसून ओळखायला लागली की खाली काय चाललंय. लांब कड असली की एकच सूर, अक्षरं असली की तुटक. वेल असली की सूर हेलकावे खात वर यायचा, आणि ती समजायची की अजून चहा टाकायला वेळ आहे.

तो गेला त्या दिवशी तो वेलच कोरत होता.

कुणाच्या तरी नव्या घराच्या दाराचा तक्ता होता. खालपासून वरपर्यंत चढत गेलेली वेल, दोन्ही बाजूंना टोकदार पानं. दुपारची वेळ. ती वर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि आवाज व्यवस्थित येत होता. मध्ये एकदा तिनं जिन्यावरून हाक मारली, "अहो, जेवायला येताय ना?" उत्तर आलं नाही, पण मशीन चालू असताना उत्तर कधीच यायचं नाही. तिनं जेवणाची पानं वाढली. झाकून ठेवली. मग ती खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली, आणि खालून वेल येत होती, पान, वळण, पान, वळण. आज मशीन छान चाललंय, असं तिच्या मनात आलेलं तिला पुढे नेमकं आठवायचं.

शेवटी ती खाली गेली ती रागावून. तो भुशाच्या पोत्याला टेकून बसल्यासारखा पडला होता, एक पाय दुमडलेला. आणि त्याच्या डोक्यावर मशीन आपलं काम करत होतं. पूल सरकत होता, बिट फिरत होतं, ताजा भुसा उडून त्याच्या केसांवर, खांद्यावर पडत होता. पापण्यांवरही होता.

तिनं कॉम्प्युटरवरचं थांबवायचं बटण दाबलं, बिटाचा स्विच बंद केला, आणि मग ती ओरडली. हाच क्रम पुढे तिला खाऊ लागला. आधी मशीन थांबवलं, मग ओरडली.

डॉक्टर आले, तपासलं आणि म्हणाले, "जाऊन थोडा वेळ झालाय."

"थोडा म्हणजे किती?" तिनं विचारलं. पण खोलीत माणसं जमली होती, कुणीतरी तिला धरून वर नेलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

पुढचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. गर्दी ओसरल्यावर तिचा दीर, नवऱ्याचा धाकटा भाऊ, वर्कशॉप आवरायला आला. तो एका पॅकिंगच्या कारखान्यात मशीनची वायरिंग बघायचा. त्यानं मेन स्विचकडे हात नेला आणि ती जिन्यावरून म्हणाली, "भावजी, हात लावू नका."

"वहिनी, ड्रायव्हरची पेटी चालू आहे. मोटरी तापल्यात."

"राहू दे. काम अर्धं आहे."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. या मोटरींना स्मरण नसतं. वीज आहे तोवर त्या जागा धरून असतात. वीज काढली की सैल सुटतात, आणि पुन्हा जोडल्यावर आपण कुठे होतो याचा त्यांना पत्ता नसतो. भावजींना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. त्यांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांत वहिनी स्वतःच बंद करतील.

तिनं बंद केलं नाही. वीज जायची तेव्हा इन्व्हर्टर होता, नवऱ्यानंच बसवलेला. बिट लाकडात रुतलेलं, पूल तक्त्याच्या वरच्या भागावर थांबलेला, सगळीकडे भुसा, आणि ती शीळ. गिऱ्हाइकानं काही महिने वाट पाहिली आणि दुसरीकडून दार करून घेतलं. तक्ता तसाच राहिला. तिनं त्यावरचा भुसासुद्धा झटकला नाही. दुसऱ्या सुतारांची पॉलिशची कामं घ्यायची ती, पण वरच्या गॅलरीत बसून करायची.

खाली ती दिवसातून एकदा जायची, सकाळी. जायची आणि मोटरींवर हात ठेवायची. उभ्या राहूनही त्या गरम असायच्या, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारख्या. थंडीत सगळं वर्कशॉप बर्फ झालेलं असायचं, टेबल गार, हत्यारं गार, आणि या तीन काळ्या डब्यांच्या आत ऊब. एकावर हात, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. मग ती वर यायची.

त्यांची मुलगी हे बघत होती. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. लग्न झालेलं नव्हतं, दोघी एकत्रच राहायच्या. तिला वरच्या खोलीत ती शीळ सहन व्हायची नाही. झोपताना ती कानात कापूस घालायची.

"आई, ते बंद कर ना गं."

"तुला काय त्रास आहे? कुणाला चावतंय का ते?"

"हो, चावतंय," मुलगी म्हणायची.

त्यातून आणखी एक गोष्ट सुरू झाली, ती आईनं मुलीला सांगितली नाही. भर दुपारी, भांडी घासताना किंवा पॉलिशचा बोळा फिरवताना, तिला खालून वेल ऐकू यायची. शीळ नाही, वेल. सूर चढतोय, उतरतोय, पान, वळण. हातातलं टाकून ती जिन्यात यायची. अर्ध्या जिन्यावरून दिसायचं की पूल होता तिथेच आहे. ती तिथेच पायरीवर बसायची. वर जावं तर पुन्हा ऐकू येईल, आणि खाली जावं तर, तिला वाटायचं, भुशाच्या पोत्याकडे बघावं लागेल. पोतं कधीच हलवलं होतं, तरी. एकदा मुलगी डबा विसरली म्हणून मध्येच परत आली आणि तिला आई अशी अधांतरी बसलेली दिसली. मुलगी तिच्या बाजूनं वर गेली. डबा घेऊन, तिला ओलांडून निघून गेली. फाटकाशी जाऊन मात्र रडली.

असं वर्ष उलटून गेलं, आणि एका सकाळी शीळ बदलली.

आवाज थांबला नव्हता, विरळ झाला होता. वर चहा गाळताना तिला वास आला, प्लास्टिक जळाल्यासारखा. ती धावत खाली गेली. पेटीतून धुराची एक बारीक रेघ निघून विरत होती. तिनं रुंदीच्या मोटरवर हात ठेवला, गरम. खालीवरच्या मोटरवर ठेवला, गरम. लांबीच्या मोटरवर ठेवला, आणि ती गार पडत चालली होती.

भावजींना तिनं फोन केला तेव्हा तिच्या आवाजावरून त्यांना वाटलं, पुन्हा घरात कुणाला तरी काही झालं. शर्टाची बटणं वर-खाली लावून ते आले. पेटी उघडून, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "ड्रायव्हर गेलाय, वहिनी. मोटर ठीक आहे. इतके दिवस एका जागी उभा करून ठेवलात त्याला. माणूस असता तर यापूर्वीच गेला असता."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. तिनं पेटीत वाकून पाहिलं.

"असला दुसरा मिळेल?"

"आता कुठे मिळतोय? हे कुणी बनवतही नाही. आता डिजिटल येतात. तिन्ही बदलू, म्हणजे एक नवा दोन जुने अशी भांडणं नकोत. पण..." त्यांनी घसा साफ केला. "बंद करावं लागेल. चालू पेटीत मी हात घालणार नाही. मला बायको आहे आणि ती तुमच्याइतकी शांत नाही."

"चालू असताना नाहीच होत?"

"नाही होत. वहिनी, जागेची काळजी असेल तर पेन्सिलीनं खुणा करू. बिट आहे त्याच खाचेत पुन्हा बसवू. केसाइतकाही फरक पडणार नाही, माझी जबाबदारी."

"जागेची काळजी नाहीये मला," ती म्हणाली.

मुलगीही तोवर खाली आली होती, पायरीवर उभी होती. दोन मोटरींची शीळ तेवढी चालू होती.

मग वहिनी बोलली, मशीनकडे बघत. "भावजी, मला आवाज येत होता. त्या दिवशी. मी वर बसून ऐकत होते. मला वाटत होतं हे काम करताहेत. हे इथे पडलेले, आणि मी वर म्हणतेय, आज छान चाललंय. मशीन चालू होतं ना. चालू असलं म्हणजे हे आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. आता हे बंद करायचं म्हणजे..." तिनं गार पडलेल्या मोटरवर हात ठेवला. "किती वेळ मी त्यांना ऐकत होते आणि किती वेळ नुसत्या मोटरीला, तेच मला कळत नाही."

भावजींनी खाली बघितलं. मोठा भाऊ गेल्यावर ते रडले होते, पण सगळ्यांच्यात मिसळून. आता त्यांना कुठे बघावं कळेना.

मुलगी म्हणाली, "आमच्या लॅबमध्येही असलीच मोटर आहे, आई. रक्ताच्या नळ्यांचं कडं फिरवणारी. दिवसभर हाच आवाज. मी आठ तास तिच्याशेजारी बसते आणि घरी येते तर इथे हा. मला रोज वाटतं कुणीतरी माझ्या पाठीमागे जमिनीवर पडलेलं आहे, आणि मी वळून बघत नाहीये." तिचा आवाज फाटला. "तू एकटीनंच ऐकलं का त्यांना? तेव्हा मीही फोन केला होता घरी. तू उचललास. मागे मशीन वाजत होतं. मी विचारलं, बाबा काय करताहेत, तू म्हणालीस, वेल."

वहिनीनं मुलीकडे पाहिलं. तो फोन ती विसरून गेली होती. वर्षभर त्या पोरीनं तो एकटीनं बाळगला होता.

तिनं मेन स्विच स्वतः बंद केला.

शीळ थांबल्यावर जी शांतता आली ती भावजींनाही सोसवेना. ते उगाच खोकले. बाहेर कुणीतरी सायकल टेकवली त्याचा आवाज एकदम मोठा वाटला. वहिनीनं रुंदीच्या मोटरवर हात ठेवला आणि ऊब जाईपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाली, "चला, डोकं वर घेऊ या."

भावजींनी दांडा हातानं फिरवून बिट लाकडातून वर काढलं. पूल मागे ढकलला. एवढं रोवून उभं असलेलं मशीन आता हातगाडीसारखं सरकलं. वहिनीनं ब्रश घेतला आणि तक्त्यावरचा भुसा झाडू लागली, खालून वरती, पानापानातून.

ब्रश एका पानापाशी थांबला.

तिनं त्याच्या टोकावर बोट फिरवलं. मग त्याच्या खालच्या पानावर. मग पुन्हा वरच्या.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"करपलंय हे."

कोरताना पानाच्या टोकाला बिट क्षणभर मंदावतं. पुढे सरकत नाही आणि फिरतंय मात्र जोरात, मग घासून लाकूड करपतं, काळसर डाग पडतो. कोरक्याला ते खपायचं नाही. म्हणून वेल चालू असली की तो बिटाच्या वेगाच्या बटणावर हात ठेवून उभा राहायचा. टोक आलं की वेग थोडा खाली, पुढे गेलं की वर. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. करपलेलं घासून काढायला बायकोला त्रास होतो, एवढ्यासाठी तो करायचा. त्याच्या हातून करपलेलं पान तिच्या हाती कधी आलंच नव्हतं.

तक्त्याच्या खालच्या भागातली सगळी पानं गोरी होती. मग एक पान अर्धवट डागाचं, जणू वेग कमी करता करता हात सुटला. आणि तिथून वर, जिथे बिट थांबलं होतं तिथपर्यंत, प्रत्येक पानाचं टोक काळं.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. भावजी लाकडाकडे बघत मटकन स्टुलावर बसले. मुलगी पायरीवरून उतरली आणि आईच्या शेजारी उभी राहिली.

वहिनी एकेका काळ्या टोकावर बोट ठेवत वर गेली. पानं थोडी नव्हती. सगळ्या वेलीची जवळजवळ अर्धी तशी होती. "इथे मी हाक मारली असेन," ती एका पानावर थांबून हलक्या आवाजात म्हणाली. थोडं वर जाऊन, "इथे तुझा फोन." मुलीनं त्या पानावर हात ठेवला.

"एवढा वेळ," वहिनी म्हणाली.

ती रडली नाही. उत्तर वाईट होतं, तिनं वर्षभर जे धरलं होतं त्याहूनही वाईट होतं. पण वर्षभर त्या वेळेला ना सुरुवात होती ना शेवट, ती दिवसभर घरात पसरलेली असायची. आता ती एका पानापासून एका पानापर्यंत होती. हात लावता येत होता.

"काका," बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, "ड्रायव्हर आणायचेत ना?"

भावजींनी त्याच आठवड्यात ड्रायव्हर आणले. पितळी रंगाच्या पंखांसारख्या पट्ट्या असलेले, हाताच्या पंजाएवढे तीन डबे. बाजूला पांढऱ्या बारीक स्विचांची ओळ आणि वर बारीक अक्षरांत छापलेलं कोष्टक. भावजींनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, डबा हातभर लांब धरला.

"मुंगीनं लिहिलंय का हे? वहिनी, तुम्हीच वाचा. तुमची नजर लाकडावर तयार झालेली आहे."

म्हणून स्विच तिनं लावले, पॉलिशच्या कामातल्या टोचणीच्या टोकानं. पहिले स्विच करंटचे. मोटरच्या अंगावर जेवढा लिहिलाय तेवढाच द्यायचा, भावजी सांगत होते, जास्त दिला तर तापून मरेल आणि कमी दिला तर मध्येच पाऊल चुकेल. तिनं मोटर पुसून आकडा वाचला आणि स्विच सरकवले. शेवटचे स्विच पावलांचे, मोटरनं एका फेरीचे किती तुकडे करायचे त्याचे. ते कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय त्याच्याशी जुळले पाहिजेत. मध्ये एक स्विच एकटाच होता.

"आणि हा?"

"तो उभं राहण्याचा. मोटर नुसती उभी असेल तेव्हा अर्धाच करंट द्यायचा की पूर्ण. सगळे अर्धाच ठेवतात. उगाच तापत नाही मग."

टोचणी स्विचवर तशीच राहिली. "गरम नाही होणार?"

"कोमट होईल."

भावजींच्या लक्षात आलं नाही, पण मुलीच्या आलं. ती आई काय करते ते बघत राहिली. वहिनीनं थोडा वेळ घेतला आणि स्विच अर्ध्यावर सरकवला. दुसऱ्या ड्रायव्हरचाही. तिसऱ्याला हात घातला तेव्हा भावजी म्हणाले, "खालीवरच्या मोटरला पूर्ण ठेवा. डोकं जड आहे, खाली घसरेल." तिनं मान हलवली. हात मागे घेताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

वायरी जोडून झाल्यावर भावजींनी स्विच टाकला. तिन्ही मोटरींनी एकदम अंग झटकलं, एकच बारीक थरकाप, झोपेत माणूस दचकतो तसा. वहिनी मागे सरकून भिंतीला लागली.

"घाबरू नका, घाबरू नका. नवे ड्रायव्हर असंच करतात. सुरू झाल्यावर मोटर कशी आहे ते चाचपून बघतात. ओळखपाळख म्हणा."

मग काहीच नाही. हिरवे दिवे लागले होते आणि आवाज नव्हता. भावजींनी कॉम्प्युटरवरून पूल सरकवायला सांगितला, पूल सरकला, पण उलटा, त्यांच्या अंगावर. ते उडी मारून बाजूला झाले. "अरे, दादाचंच मशीन आहे, मला आत येऊ देत नाही!" त्यांनी बंद करून त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. पुन्हा चालू. या वेळी सरळ गेला, पण सांगितलं त्याच्या दुप्पट. वहिनीनं डबा बॅटरीच्या उजेडात पुन्हा वाचला, पावलांचा एक स्विच तिच्याकडूनच अर्धवट राहिला होता. तो लावल्यावर पूल हातभर सांगितलं की हातभरच जाऊ लागला, कापडावर हात फिरवल्यासारखा, गुपचूप.

"बघा, काय मख्खन चाललंय," भावजी खुश होऊन म्हणाले.

राहिलेली वेल पुरी करायची का, हे त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाली. तक्ता तिनं भिंतीला लावून ठेवला. काळी टोकं घासून काढायला कुणी सुचवलं तर ती ऐकून घेत नाही.

पुढे तिनं कोरायचं काम स्वतःच सुरू केलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायला मुलीनं शिकवलं. पाट्यांपासून सुरुवात केली, मग पलंगाच्या फळ्या. गल्लीतल्या लोकांना आधी वाटलं, मशीन विकलं, कारण आवाजच नाही. खरं तर बिटाचा आवाज होता, लाकूड कापल्याचा होता, पण मोटरी मुक्या झाल्या होत्या. वरच्या खोलीत बसून आता काहीच कळत नाही की खाली लांब कड चाललीये की अक्षरं. मशीन चालू असताना वहिनी वर जात नाही. फोन वाजला तरी नाही. बटणावर हात ठेवून उभी राहते, टोक आलं की वेग खाली, गेलं की वर. दुपारची वेल तिला अजून ऐकू येते, पण कमी वेळा, आणि ती जिन्यात जाऊन बसत नाही. जिथे असेल तिथे, संपेपर्यंत ऐकून घेते.

नवीन त्रास झाला तो मुलीला. सुटीच्या दिवशी ती वर असायची आणि खालून काही कळायचं नाही. दर थोड्या वेळानं ती उठून जिन्यात यायची, वाकून बघायची, आई उभी दिसली की परत जायची. पुन्हा उठायची. एकदा वहिनी खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकली होती, आणि मुलगी चप्पल न घालता किंचाळत खाली आली. दोघी बराच वेळ मशीनशेजारी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मशीन चालूच होतं. त्या फळीवर एक टोक करपलं.

तेव्हापासून वहिनी बोलते. काम चालू असलं की मोठ्यानं, वर ऐकू जाईल असं. "आता वळण आलं... हळू, हळू... हां, गेलं. आता पान. अरे, जरा दमानं घे, कुठे जायचंय तुला..." बाहेरून जाणारे थबकतात. एकमेकांकडे बघतात. कोरक्याशी बोलते, असं गल्लीत सगळ्यांनी ठरवून टाकलंय, आणि कुणी तिला तसं विचारलंच तर ती सांगते की नाही हो, पोरगी वर असते, तिला कळावं म्हणून.

मुलगी कामावर असते त्या दिवशीही ती बोलते.